घर बघायला कोण जातं?

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या भाचीबरोबर महाळुंग्याला घर बघायला गेले होते. भाची चौतीस वर्षांची, हिंजवडीत नोकरी करणारी, घटस्फोटित. कर्ज तिच्या नावावर, पगार तिचा, पहिल्या रकमेसाठी तिच्या आईनं पाटल्या मोडलेल्या. विक्री कार्यालयातल्या मुलानं आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि अदबीनं विचारलं, "सर मागून येताहेत का?" कुणी सर येणार नाहीत म्हटल्यावर तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "बरं, मग मॅडम, तुम्ही आधी किचन बघून घ्या."

त्या मुलाचा काही दोष नाही. त्याला शिकवलेलं तो बोलत होता. घर घेताना बाईनं स्वयंपाकघर बघायचं, पुरुषानं कागद आणि पैसे बघायचे आणि घरातल्या ज्येष्ठांनी दार कुठल्या दिशेला आहे ते बघायचं, अशी आपल्याकडे वाटणी झालेली आहे. या वाटणीत भिंत कुणाच्याच वाट्याला येत नाही. छप्पर, मोरी, विजेच्या तारा, पाण्याची टाकी, यातलं काहीच कुणी बघत नाही. वास्तुशास्त्रवाल्याला फी देणारी कितीतरी घरं मला माहीत आहेत. ताबा घेण्याआधी इंजिनिअरला फी देऊन घर तपासून घेतलेली मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

आपल्या केंद्रात इतकी वर्षं घराचे प्रश्न घेऊन बायका येतात. नवऱ्यानं घराबाहेर काढलं, दिरानं वाटा नाकारला, घर परस्पर विकलं. या प्रश्नांवर आपण खूप लिहिलं, बोललो, मोर्चे काढले. पण घर विकत घेण्याच्या वेळी बाई कुठे असते, हा प्रश्न आपण फारसा विचारलेला नाही. तो विचारायला हवा असं मला वाटतं, आणि तेही अगदी साध्या ठिकाणापासून: घर तपासायचं म्हणजे काय करायचं?

कायदा काय म्हणतो

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा अजूनही लागू आहे. त्याचं ५५ वं कलम विकणारा आणि घेणारा यांच्या जबाबदाऱ्या सांगतं. मालमत्तेत किंवा मालकीहक्कात एखादा महत्त्वाचा दोष आहे, तो विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला तो कळला नसता, तर तो दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. यातले 'साधारण काळजी' हे दोन शब्द नीट वाचावेत. जो दोष डोळे उघडे ठेवून पाहिलं असतं तर दिसला असता, त्याबद्दल 'मला सांगितलं नाही' अशी तक्रार या कलमाखाली टिकणं अवघड. म्हणजे बघण्याची पहिली जबाबदारी कायद्यानं घेणाऱ्यावर टाकली आहे. आपण बघायचं नाही असं घरात ठरलेलं असतं, आणि कायदा गृहीत धरतो की आपण बघितलंय.

नव्या इमारतींसाठी २०१६ चा रेरा कायदा आल्यावर परिस्थिती बरीच सुधारली. त्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या रचनेत, कामाच्या दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्यानं तीस दिवसांत तो मोफत दुरुस्त करून द्यायचा. न केल्यास भरपाई द्यायची. आधीच्या १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्यात ही मुदत तीन वर्षांची आहे. रेराप्रमाणे बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मंजूर नकाशे पाहण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. चटई क्षेत्र म्हणजे काय याची व्याख्या आहे: बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरायची नाही, आतल्या भिंती धरायच्या. म्हणजे टेप घेऊन मोजता येईल असा हा हक्क आहे. फक्त टेप हातात घेणारं कुणीतरी पाहिजे.

बँकेचा इंजिनिअर आपला नव्हे

"बँकेनं तपासलंय ना, मग आपण कशाला?" हे वाक्य मी भाचीच्या तोंडून ऐकलं आणि त्याआधी निदान वीस जणींच्या तोंडून. कर्ज देताना बँक वकिलाकडून कागद तपासून घेते आणि मूल्यांकनासाठी माणूस पाठवते, हे खरं. पण तो बँकेसाठी येतो. उद्या हप्ते थकले तर हे घर विकून आपले पैसे वसूल होतील का, एवढं बँकेला बघायचं असतं. मोरीतलं पाणी कुठे जातं, याच्याशी तिला कर्तव्य नाही. गंमत म्हणजे त्याची फी बहुतेक वेळा आपल्याकडूनच घेतली जाते आणि त्याचा अहवाल मात्र आपल्या हातात येत नाही. मागून बघावा. दिला तर वाचावा. पण त्यावर विसंबू नये.

तेव्हा आपला माणूस वेगळा हवा. अमेरिकेत घर विकत घेण्याआधी तपासनीस बोलावून लेखी अहवाल घेण्याची पद्धत रुळलेली आहे. आपल्याकडे कायद्यानं तशी सक्ती नाही. पण पुण्यासारख्या शहरात असं काम करणारे लोक आता मिळतात, आणि नाही मिळाले तर ओळखीचा एखादा स्थापत्य अभियंता किंवा अनुभवी गवंडीसुद्धा चालतो. आम्हाला मिळाली माझी जुनी मैत्रीण. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेली. तिनं फी सांगितली, मैत्री असून सांगितली, आणि मला ते आवडलं. घराच्या किमतीपुढे ती रक्कम म्हणजे बिल्डर विकत होता त्या मॉड्युलर किचनच्या दोन दारांची किंमत.

एक बादली आणि एक नाणं

गेल्या आषाढात ताबा मिळणार होता. आम्ही मुद्दाम पावसाच्या दिवशी गेलो. मुळशी तालुक्यातला पाऊस आडवातिडवा येतो आणि भिंतीची परीक्षा त्याच्याइतकी चांगली कुणी घेत नाही. मैत्रिणीच्या पिशवीत टेप, टॉर्च, दहा रुपयांचं नाणं, दोरीला बांधलेला ओळंबा आणि विजेच्या प्लगात लावून बघायचा एक छोटा टेस्टर होता. बादली तिनं तिथलीच मागून घेतली.

बादलीभर पाणी तिनं न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओतलं आणि आम्ही तिघी वाकून बघत बसलो. पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराकडे आलं. म्हणजे उतार उलटा. नाण्यानं तिनं एकेक फरशी वाजवली. भरीव आवाज आला की पुढे. पोकळ वाजली की खडूनं फुली. दिवाणखान्यात चौदा फुल्या पडल्या. पोकळ फरशी म्हणजे खाली सिमेंट नीट बसलेलं नाही, ती आज ना उद्या तडकणार. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या गेलेल्या भेगा आहेत का ते तिनं बघितलं. प्लॅस्टरवरच्या केसासारख्या बारीक भेगांना घाबरू नका, म्हणाली; पण तिरकी, रुंद होत जाणारी भेग किंवा खांबावरची, तुळईवरची भेग दिसली तर तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. छताला ओल कुठे आहे? वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली. भिंतीचा रंग कुठे फुगलाय? शाफ्टला लागून. ताजा रंग एकाच ठिकाणी का लावलाय? हे प्रश्न विचारायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

मग तिनं टेस्टर लावला. गिझरच्या प्लगाला अर्थिंग नव्हतं. तीन भोकं होती, पण तिसऱ्याच्या मागे तारच जोडलेली नव्हती. बाहेरून काही कळलं नसतं. ओल्या अंगानं, अनवाणी पायानं त्या गिझरखाली रोज कोण उभं राहणार होतं? माझी भाची. मला तो क्षण विसरता येत नाही. इतका वेळ आम्ही फरशीच्या चौदा फुल्या मोजत हसत होतो. ते हसणं तिथेच थांबलं.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी घडली. ताबा देण्याआधी सदनिका साफ करायला ठेवलेली एक बाई खराटा घेऊन दाराशी उभी होती. आमचा बादलीचा उद्योग तिनं बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "ताई, या मोरीत पाणी साचतंच. आम्ही रोज सुपलीनं काढतो. वरच्या मजल्यावर दोन्ही घरांत असंच हाय." मग तिनं आम्हाला कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत नेलं आणि वॉशिंग मशिनचं पाणी जायला तिथे भोकच ठेवलेलं नाही ते दाखवलं. आम्ही तीन शिकलेल्या बायका तासभर तिथे होतो, आम्हाला ते दिसलं नव्हतं.

त्या बाईनं याच इमारतीत आधी भिंतीवर पाणी मारायचं काम केलेलं होतं. नव्या बांधकामाला रोज पाणी मारलं नाही तर सिमेंट घट्ट होत नाही, आणि ते काम बहुतेक बिगारी बायकांकडे असतं. कुठल्या मजल्यावर पाणी कमी पडलं, कुठे घाईनं प्लॅस्टर उरकलं, हे तिला माहीत होतं. तिला विचारणारं कुणी नव्हतं. 'आम्हाला बांधकामातलं काय कळतं' असं आपण म्हणतो तेव्हा मला आता ती आठवते. घरं बांधणाऱ्यांत बायका आहेत, पुसणाऱ्यांत बायकाच आहेत, ओल आलेल्या भिंतीपासून गाद्या सरकवणाऱ्या बायका आहेत. कळत सगळं असतं. कळलेलं नोंदवायची जागा नसते.

सही कुठे करायची नाही

साइटवरच्या इंजिनिअरनं आमची यादी हसून बघितली. "या छोट्या गोष्टी आहेत, राहायला या, करून देऊ." आणि छापील ताबापत्र पुढे केलं. त्यात एक ओळ होती: घर पूर्ण पाहिलं, समाधान झालं, कोणतीही तक्रार नाही. भाचीनं पेन खाली ठेवलं. तिला भाड्याचं घर सोडायचं होतं, हप्ता सुरू झाला होता, सामान बांधलेलं होतं; तरी ठेवलं. यादी दोन प्रतींत लिहिली, तारीख घातली, फोटो जोडले, पोच घेतली. सात आठवडे लागले. उतार तोडून नवा केला, अर्थिंग जोडलं, फरश्या बदलल्या, बाल्कनीत भोक पाडलं. मगच सही. त्या सात आठवड्यांचं भाडं तिच्या खिशातून गेलं, आणि नात्यातल्या दोघांनी तिला 'फार ताणतेस' असंही ऐकवलं. नवऱ्यानं हेच केलं असतं तर त्याला 'चोख' म्हटलं असतं.

रेरामुळे सही केल्यानंतरही पाच वर्षं दाद मागता येते हे खरं. पण राहायला गेल्यावर न्हाणीघर फोडून घेणं काय असतं, ते ज्या बाईनं भोगलंय तिलाच विचारा. शिवाय रेराची सक्ती पाचशे चौरस मीटरपेक्षा लहान जमिनीवरच्या किंवा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नाही. गावठाणात उभ्या राहणाऱ्या कितीतरी छोट्या इमारती त्यातून सुटतात. जुनं घर घेत असाल तर सोसायटीकडे संरचना तपासणीचा अहवाल मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी अशी तपासणी करायची असते.

भिंतीच्या बाहेरचं

महाळुंगे एके काळी मुळा नदीकाठचं शेतीचं गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शेजारी क्रीडानगरी उभी राहिली, मग हिंजवडीच्या कंपन्या आल्या, आणि शेतांवर टॉवर चढले. ३० जून २०२१ ला हे गाव पुणे महापालिकेत आलं. बायकांच्या भाषेत विचारायचं तर: नळाला पाणी आलं का? हद्द बदलली म्हणून जलवाहिनी येत नाही. बाणेर-बालेवाडी-महाळुंगे पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्या वर्षानुवर्षं टँकरवर अवलंबून राहिल्या. म्हणून घर बघताना सोसायटीच्या दारात उभं राहून दिवसाला किती टँकर येतात ते मोजावं, आणि टँकरचा खर्च महिन्याच्या देखभालीत किती आहे ते आधीच राहायला आलेल्या बाईला विचारावं. विक्री कार्यालयात विचारू नये.

नदीकाठच्या घरासाठी निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते तेही विचारायचं. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तिथल्या लोकांना या रेषांचा अर्थ कळला, तो फार महाग पडला.

आणि भोगवटा प्रमाणपत्र. त्याशिवाय ताबा घेऊ नका. महाळुंगे महापालिकेत आल्यानंतरही बांधकाम परवानगीचं काम पीएमआरडीएकडे ठेवलं गेलं होतं, तेव्हा तुमच्या इमारतीचे कागद कुठल्या कचेरीनं दिले ते नेमकं विचारा. मुंबईतल्या समृद्धी सोसायटीला हे प्रमाणपत्र न मिळाल्यामुळे २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरावी लागत होती. बिल्डरनं ते न मिळवणं ही सेवेतली त्रुटी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं. तिथवर पोचायला त्या लोकांची कितीतरी वर्षं गेली.

नाव आणि सही

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असतील तरच ती मिळते. पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही आधीची अट २०२३ मध्ये काढली. चांगली गोष्ट आहे. पण आता मी असं पाहते की एक टक्क्यासाठी बायकोचं नाव लागतं, आणि ती घर पहिल्यांदा बघते वास्तुशांतीच्या दिवशी. याच्या उलटंही होतं: कर्ज जास्त मिळावं म्हणून बायकोला सहकर्जदार करतात, तिचा पगार हप्त्यात जातो आणि करारनाम्यात तिचं नाव नसतं. सहकर्जदार म्हणजे सहमालक नव्हे, मैत्रिणींनो. कर्ज थकलं तर बँक पूर्ण रक्कम तुमच्याकडूनही मागू शकते. घरावर मात्र तुमचा हक्क त्या सहीनं येत नाही. तेव्हा घर तपासताना सूची क्रमांक दोनमध्ये आपलं नाव आहे का, हेही तपासणीतच धरा. भिंतीच्या भेगेइतकीच ही भेग महत्त्वाची.

कुणी म्हणेल, हे सगळं टॉवरमध्ये घर घेणाऱ्यांचं. आपल्या मासिकात याचं काय काम? मीही हाच प्रश्न स्वतःला विचारला. त्याचं उत्तर त्या खराटा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईनंच दिलं. निघताना ती म्हणाली, "आम्ही पण जागा घेतलीय ताई, अर्धा गुंठा. नोटरी केलीय." नोटरीच्या कागदानं जमिनीची मालकी मिळत नाही, शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, हा १९०८ पासूनचा कायदा आहे. आपल्या मोरीचा उलटा उतार तिनं आम्हाला दाखवला, आणि तिच्या आयुष्यभराच्या कमाईखालचा उतार तिला कुणी दाखवला नव्हता. आम्ही तिला केंद्राचा पत्ता दिला. ती सातबारा घेऊन येऊन गेली. काम सोपं नाही, चालू आहे.

आणि तपासणी फक्त विकत घेणाऱ्यांसाठी नसतेच. २९ जुलै २०१६ ला शेजारच्या बालेवाडीत बांधकाम चालू असताना स्लॅब कोसळून नऊ कामगार गेले. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बेकायदा इमारत पडली, ७४ जण गेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडला पाच मजली इमारत पडली, १६ जण गेले. कुणीतरी कुठेतरी 'पाहिलं, समाधान झालं' अशी सही केल्याशिवाय घरं उभी राहत नाहीत.

१९२१ मध्ये याच मुळशीत धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी सत्याग्रह झाला आणि त्यात बायका होत्या. आपली जमीन कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे त्यांना ठाऊक होतं. शंभर वर्षांनंतर त्याच तालुक्यात आपल्या पैशानं घर घेणाऱ्या बाईला 'सर कधी येणार' असं विचारलं जातं.

माझी सूचना साधी आहे. आपल्या केंद्रानं महिन्यातून एक दिवस यासाठी ठेवावा. एक वकील, एक स्थापत्य अभियंता आणि बांधकामावर काम केलेली एक बाई, अशा तिघी बसाव्यात. तिसरीलाही पहिल्या दोघींइतकंच मानधन मिळावं. ज्यांना घर, खोली, अर्धा गुंठा, काहीही घ्यायचं आहे त्यांनी कागद घेऊन यावं, आणि गरज पडली तर आपण बरोबर जावं. टेस्टर आणि टेप केंद्रात आणून ठेवलेत. बादली जिथे जाऊ तिथे मिळते.